विहिरीची खिडकी

करोल बागेत आमच्या गल्लीत गाड्यांचे सुटे भाग मिळत. एका बाजूला हॉर्न आणि सीटकव्हरं, दुसऱ्या बाजूला गाड्यांच्या काचा आणि त्यांच्या मधोमध माझी कार्यशाळा. त्यामुळे पहिली काही वर्षं माझ्याकडे येणारं निम्मं गिऱ्हाईक मारुतीची पुढची काच मागायला यायचं. मी सांगायची, "भैया, यहाँ गाड़ी का काम नहीं होता. हम रंगीन काँच की खिड़कियाँ बनाते हैं." समोरचा माणूस भिंतीला टेकवलेल्या काचेच्या निळ्या-लाल तावांकडे बघायचा आणि विचारायचा, "तो इसमें से बाहर कैसे दिखेगा?"

प्रश्न अगदी योग्य होता. बाहेरचं दिसू नये, पण बाहेरचा उजेड आत यावा, आणि येताना तो काहीतरी होऊन यावा, यासाठीच आमची काच असते. हे एका वाक्यात सांगायला मला बरीच वर्षं लागली. गुडगावच्या एका सोसायटीचे चेअरमन होते, त्यांना ते शेवटपर्यंत पटलं नाही. त्यांना तळमजल्यावर लिफ्टच्या शेजारी भिंतभर सूर्योदय हवा होता. मी म्हटलं, "मागे तर पक्की भिंत आहे, उजेड कुठून येणार?" ते म्हणाले, "मॅडम, सूरज बना रहे हैं, उसमें लाइट तो होगी ही ना!"

बाहेरच्या माणसाला आमचं काम थोडक्यात सांगायचं तर असं. रंगीत काच म्हणजे वरून रंगवलेली काच नव्हे. काच वितळलेली असतानाच तिच्यात धातूंच्या भुकट्या मिसळतात. रंग तिच्या पोटातच असतो, म्हणून तो उन्हानं उडत नाही. खिडकी जेवढी मोठी तेवढ्याच कागदावर आधी चित्र काढायचं. त्याचे तुकडे करायचे, तुकड्याबरहुकूम काच कापायची. मग दोन्ही बाजूंना खाच असलेल्या शिशाच्या पट्ट्यांमध्ये ते तुकडे एकमेकांशेजारी बसवत जायचं. सांध्यांवर डाख द्यायचा, फटींत जवसाच्या तेलाची पुट्टी भरायची. शिसं मऊ असतं, हातानं वाकतं, म्हणून चित्रातली प्रत्येक काळी रेघ ही खरं तर त्या शिशाची पट्टी असते. रेघ चुकली तर खोडरबर नाही.

या कामात माझे जोडीदार होते नईमभाई. मूळचे फिरोजाबादचे, बांगड्यांच्या भट्टीत वाढलेले. काच गरम असताना तिच्याशी कसं वागायचं ते त्यांना ठाऊक, थंड झाल्यावर कसं वागायचं ते मला. मंदिरं, बंगले, हॉटेलं, गुरुद्वाऱ्याची एक वाचनाची खोली, अशी पुष्कळ कामं आम्ही मिळून केली. त्यातल्या एकाच कामाबद्दल इथं लिहिते आहे, कारण त्या कामात मी खोटं बोलले होते.

गुडगावच्या पुढे सव्वा तासावर, अरवलीच्या उघड्याबोडक्या टेकड्यांच्या पायथ्याशी एक खेडं आहे. तिथे इंग्रजांच्या काळात मिशनऱ्यांनी बांधलेलं एक चर्च आहे. चर्च म्हटल्यावर डोळ्यांपुढे येतं तसलं काही नाही. दोन खोल्यांच्या शाळेएवढी विटांची इमारत, चुन्याचा गिलावा, छोटी घंटा, अंगणात कडुनिंब. गावात ख्रिस्ती घरं पंधरा-वीस. कुणी शेतमजूर, कुणी शिंपी, कुणी रेल्वेतून निवृत्त झालेला. वेदीच्या मागच्या भिंतीत तीन उंच निमुळत्या खिडक्या होत्या. एकेकाळी त्यांत विलायतेहून आलेल्या काचा होत्या. एका गारपिटीत त्या फुटल्या आणि त्यानंतर एक पिढीभर तिथे पत्रे ठोकलेले होते.

सॅम्युअल मास्टरजी हे तिथल्या समितीचे प्रमुख. निवृत्त शाळामास्तर, इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. माझं एका शाळेतलं काम पाहून ते बस बदलत बदलत करोल बागेत येऊन पोचले होते. म्हणाले, "मैडम जी, पुराना वापस नहीं चाहिए. पुराना तो उनका था. हमें अपना चाहिए."

असं बोलणारं गिऱ्हाईक वर्षानुवर्षांत एखादंच येतं. मी दुसऱ्याच रविवारी गावात गेले.

तिथे मार्था बुआ भेटल्या. ऐंशीच्या पुढच्या, पाठीत वाकलेल्या, पण आवाज खणखणीत. सगळं गाव त्यांना बुआ, म्हणजे आत्या, म्हणे. त्यांनी स्टीलच्या पेल्यात पाणी आणलं आणि मी ते पिऊन पेला खाली ठेवेपर्यंत माझ्यावरची नजर हलवली नाही. मग म्हणाल्या, "पी लिया? अच्छा. आ, कुआँ दिखाऊँ."

चर्चच्या मागे लोखंडी जाळीनं झाकलेली एक विहीर होती. पाणी केव्हाच आटलेलं. बुआ सांगू लागल्या. त्यांच्या आजीच्या वेळी गावच्या विहिरीला त्यांच्या लोकांनी हात लावायचा नाही, असा दंडक होता. कुणी वरून ओतलं तर ओंजळीत घ्यायचं, नाहीतर तळ्यावर जायचं. मिशनवाल्यांनी चर्चच्या आधी ही विहीर खणली. "पहले पानी मिला, छोरी. प्रार्थना बाद में सीखी."

परतताना गाडीत माझ्या डोक्यात चित्र तयार होतं. बायबलमध्ये एक गोष्ट आहे. येशू चालून चालून दमलेला एका विहिरीपाशी बसतो आणि पाणी भरायला आलेल्या, परक्या जातीच्या बाईकडे पाणी मागतो. तिला नवल वाटतं, हा आपल्या हातचं पाणी मागतोय! या गावाला याहून आपली गोष्ट कुठली असणार?

मी चित्र आजच्या पद्धतीचं केलं. चेहरे नाहीत, पंख नाहीत, सोनेरी वलयं नाहीत. मधल्या खिडकीत वरपासून खालपर्यंत विहिरीची खोली, फिकट आकाशीपासून काळसर निळ्यापर्यंत उतरत गेलेली. उजवीकडे मोहरीची पिवळी शेतं आणि तपकिरी टेकड्या. डावीकडे बाई, म्हणजे लाल ओढणीचा एक तिरका झोत आणि कमरेवरची घागर. येशूचे फक्त पाय, विहिरीच्या काठावर, धुळीनं माखलेले.

हे चित्र मी समितीपुढे भिंतीला लावलं. मग शिंपीकाम करणारे एक गृहस्थ म्हणाले, "बाकी सब ठीक है, लेकिन प्रभु कहाँ हैं?"

"ये रहे," मी पाय दाखवले.

"सिर्फ़ पाँव?"

मास्टरजींनी चष्मा चढवून बायबलमधला तो भाग शांतपणे वाचून दाखवला आणि म्हणाले, "लिखा है कि थके हुए थे. थके आदमी का सबसे पहले पाँव ही दिखता है, भाई." मतं घेतली. चित्र मंजूर झालं, पण जेमतेम. मार्था बुआंनी हात वर केला नाही, विरोधातही केला नाही. त्या चित्राच्या डाव्या बाजूकडे बघत बसल्या होत्या. मी विचारलं, "बुआजी, आपको कैसा लगा?" त्या म्हणाल्या, "बन जाने दे. फिर बोलूँगी."

आता माझी चूक. मापं घ्यायला गेले तेव्हा मधल्या आणि उजव्या खिडकीचे मी पुठ्ठ्याचे साचे व्यवस्थित कापून घेतले. डाव्या खिडकीत पत्र्याच्या मागे मधमाश्यांचं पोळं होतं, हे भलंमोठं. माश्या उठवायला धूर करणारा माणूस त्या दिवशी गावात नव्हता. मी उजवा साचा उलटा केला, लांबूनच डावीकडे धरून पाहिला आणि म्हटलं, बरोबर आहे. जोडीच्या खिडक्या, सारख्याच असणार.

जुन्या इमारतीत काहीच सारखं नसतं हे मी स्वतः कितीजणांना शिकवलं असेल! गवंडी दोन, दिवस वेगळे, दोरी ओली की कोरडी, एवढ्यानं सुद्धा माप बदलतं. पण पुन्हा सव्वा तास जायचा कंटाळा केला, एवढं साधं कारण आहे. दुसरं कुठलंही कारण सांगितलं तर ते खोटं ठरेल.

चार महिने आम्ही काम केलं. ईस्टरच्या आठवडाभर आधी काचा बसवायला गेलो. पोळं तोवर काढलेलं होतं. मधली खिडकी बसली, उजवी बसली. डावी उचलली, टेकवली, आणि नईमभाई म्हणाले, "मैडम, यह नहीं जाएगी."

अर्धा इंच. कमानीपाशी काच अर्धा इंच रुंद होती.

खरं म्हणजे तिथेच काम थांबवायला हवं होतं. काच परत न्यायची, कडेचे तुकडे बदलायचे, पंधरा दिवसांनी आणायची. पण ईस्टर तोंडावर आलेला, अंगणात बायका झाडलोट करत होत्या, मास्टरजींनी आसपासच्या गावांना निरोप धाडले होते. आणि सगळ्यांसमोर "मी माप घेतलंच नव्हतं" असं म्हणायची मला लाज वाटली. तिथे गावचा एक गवंडी मदतीला होता. मी त्याला म्हटलं, "भैया, कमान के पास से ज़रा-सा छील दो. चौथाई इंच इधर, चौथाई उधर."

नईमभाई हळूच म्हणाले, "मैडम, दीवार को मत छेड़िए. गलती काँच की है, काँच ही भरे."

मी ऐकलं नाही.

गवंड्यानं छिन्नी लावली. दोन ठोके, तीन ठोके. चौथ्या ठोक्याला परातीएवढा गिलावा धपकन खाली आला. धूळ बसली तेव्हा दिसलं, कमानीच्या टोकापासून छपराकडे गेलेली चीर. बोटभर रुंद. गवंडी शिडीवरून न सांगताच उतरला.

आवाज ऐकून मास्टरजी धावत आले. "क्या हुआ? यह क्या हुआ, मैडम जी?"

आणि मी म्हणाले, "कुछ नहीं, मास्टरजी. पुरानी दरार है. प्लास्टर के नीचे थी."

मला काहीही माहीत नव्हतं. ती चीर जुनी असेल, किंवा आमच्या छिन्नीनं त्याच क्षणी पडलेली असेल. पण वाक्य माझ्या तोंडातून इतकं सफाईनं आलं की माझा माझ्यावरच विश्वास बसला. मास्टरजींनी सुस्कारा सोडला. "आपने देख लिया है तो ठीक है," म्हणाले.

नईमभाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते हत्यारं पुसत राहिले. डावी काच पुन्हा गाडीत घालून आम्ही परतलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मास्टरजींना फोन केला. सांगणार होते, चार दिवस जरा सांभाळून राहा. ते खुशीत होते. "कल शाम को बच्चों ने गाने की प्रैक्टिस की, वहीं वेदी के सामने. आपकी नीली खिड़की के नीचे क्या सुंदर लग रहे थे!"

त्या चिरेखाली, माझ्या शब्दावर विसंबून, मुलं उभी राहून गात होती.

मी ताबडतोब गोडबोलेकाकांना फोन लावला. ते माझ्या वडिलांचे मित्र. आयुष्यभर सरकारी इमारतींची कामं पाहिलेले निवृत्त इंजिनियर. पूर्वी दर महिन्याला कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या जुन्या अतिथिगृहात आम्हाला थालीपीठ खायला घेऊन जायचे आणि खाता खाता छताला ओल कुठून आली असेल ते सांगायचे. नेमके तेव्हा ते लेकीकडे पुण्याला गेले होते. मी सगळं सांगितलं. मध्ये एकदाही न थांबवता त्यांनी ऐकून घेतलं.

"सुलभा, आधी कमानीखाली लाकडी टेकू लाव. आणि मी येईपर्यंत आत कुणालाही बसवायचं नाही. कुणालाही म्हणजे कुणालाही."

"काका, ईस्टर आहे हो रविवारी."

"असू दे. बाहेर करायला सांग. देव काही आतच असतो असं नाही."

मी मास्टरजींना इतकंच सांगितलं, की कमानीखाली टेकू लावायला हवा आणि इंजिनियरसाहेब बघेपर्यंत चर्च बंद ठेवायला हवं. खरं कारण सांगितलं नाही. ते नुसतं "जी" म्हणाले.

त्या वर्षीचा ईस्टर अंगणात झाला, शामियाना लावून. मी गेले होते. न जाणं मला जमलं नसतं. पहाटेची प्रार्थना होती. गार वारा सुटला होता आणि शामियान्याचं कापड फडफडत होतं. सगळ्यांच्या खुर्च्या वेदी म्हणून ठेवलेल्या टेबलाकडे तोंड करून होत्या. मार्था बुआंनी मात्र आपली खुर्ची वळवून घेतली होती. त्या प्रार्थना संपेपर्यंत चर्चच्या कुलूप लावलेल्या दाराकडे तोंड करून बसल्या. नंतर मी नमस्कार करायला गेले तर म्हणाल्या, "पैदा हुई तब से हर ईस्टर अंदर किया है, छोरी. आज पहली बार बाहर बैठी हूँ." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

पुढच्या आठवड्यात काका आले. पंच्याहत्तरीचे, गुडघे दुखरे, तरी शिडी चढले. खिशातून त्यांनी विणकामाची सुई काढली, काकूंची असावी, आणि चिरेत घालून हळूहळू कोरत राहिले. मी खाली शिडी धरून उभी होते. काळी धूळ पडली. कोळ्याच्या जाळ्याची गुंडाळी पडली. मग त्यांनी पांढरे पापुद्रे चिमटीत धरून मला दाखवले.

"हे बघ. चुना. चिरेच्या आत चुन्याचे हात मारलेत, एकावर एक. म्हणजे कुणीतरी ही चीर पाहिली, पांढरी केली, पुढे गिलावा करून झाकली. अगं, ही चीर माझ्याहून वयानं मोठी आहे."

मी शिडीच्या पायरीवर कपाळ टेकलं. डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

"रडतेस काय? तुझ्या छिन्नीनं फक्त पदर बाजूला सारला." मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, "तू यांना काय सांगितलं होतंस?"

"जुनी आहे म्हणून."

"तुला माहीत होतं?"

"नाही."

काका सावकाश खाली उतरले. हात झटकले. "म्हणजे खोटं बोललीस आणि ते खरं निघालं. नशीब. पण त्यांना हे सांगून टाक. मी सांगणार नाही, तू सांग."

चीर जुनी असली तरी ती स्वस्थ आहे की अजून सरकते आहे, हे बघायचं राहिलंच होतं. त्यासाठी एक साधा उपाय असतो. चिरेवर आडवी, बोटभर रुंदीची काचेची पट्टी दोन्ही कडांना प्लास्टरनं चिकटवायची. भिंत केसभर जरी हलली तरी पट्टी तडकते. काका म्हणाले, "काच आहे ना तुझ्याकडे? साधी दे. रंगीत नको." मी पट्ट्या कापून दिल्या. अशा तीन पट्ट्या त्यांनी चिरेवर लावल्या. "उन्हाळा जाऊ दे. वाळवंटाकडची एक-दोन वादळं होऊ देत. पट्ट्या शाबूत राहिल्या तर चीर चुन्यानं भरून घ्या आणि दार उघडा."

त्याच दुपारी मी मास्टरजी आणि बुआ यांच्यासमोर बसून सगळं सांगितलं. पोळं, उलटा साचा, अर्धा इंच, नईमभाईंनी केलेली मनाई, आणि ते वाक्य. मास्टरजींनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं कितीतरी वेळ पुसत राहिले.

"मैंने बच्चों के माँ-बाप से कहा था," ते म्हणाले, "कि मैडम ने देख लिया है."

मी मान खाली घालून बसले. काम काढून घेतील, काढून घ्यावं, असंच मला वाटत होतं.

बुआ बोलल्या. "बोल दिया ना? अब सीधी होके बैठ. और यह बता, रस्सी कहाँ है?"

मला कळेना. "कौन-सी रस्सी, बुआजी?"

"तूने कुआँ बनाया, मटका बनाया, औरत बनाई. पानी निकलेगा कैसे? इतना गहरा कुआँ! मेरी दादी के हाथ में रस्सी के निशान थे, मरते दम तक. यहाँ." त्यांनी आपला तळवा पुढे केला आणि दुसऱ्या हाताच्या बोटानं त्यावर आडवी रेघ ओढली. "पहले दिन से देख रही हूँ. जिसने कभी पानी नहीं खींचा वही ऐसा कुआँ बनाएगा."

खरंच होतं. मी नळाच्या पाण्यावर वाढलेली बाई. मोठा अभ्यास करून, निळ्याच्या छटा जुळवून मी विहीर केली होती आणि तिला दोर द्यायचा विसरले होते. समितीत बुआंनी हात का वर केला नव्हता ते मला तेव्हा समजलं. पाय त्यांना खटकलेच नव्हते.

डावी काच तशीही पुन्हा करायचीच होती. या वेळी मी स्वतः शिडीवर चढून पुठ्ठा कमानीला टेकवून साचा कापला. अर्धा इंच कमी करायचा तर घागरीची कड बदलणं भाग होतं. तिथूनच मी दोर काढला. घागरीच्या गळ्यापासून, बाईच्या मुठीतून, खिडकीच्या खालच्या टोकापर्यंत. दोराला वेगळी काच नको होती, शिशाची रेघच दोर झाली. नईमभाईंनी दोन बारीक पट्ट्या एकमेकींना पीळ देऊन ती बनवली. पीळ देताना म्हणाले, "अब मज़बूत है."

मी म्हटलं, "नईमभाई, उस दिन आपकी बात सुननी चाहिए थी."

"जी," ते म्हणाले आणि हसले. "लिखवा लेना चाहिए था आपसे."

मे महिन्यात डावी खिडकी बसली. कुठे छिलावं लागलं नाही. खिडकीचं वजन खालच्या दगडावर येतं, कमानीवर येत नाही, त्यामुळे काकांनी बसवायला परवानगी दिली होती. पण दार बंदच होतं. लोक रविवारी अंगणात बसत, भर उन्हात, आणि त्यांच्या नव्या खिडक्या आत कुलपात होत्या.

जूनमध्ये एका दुपारी दिल्लीचं आकाश अचानक हळदीसारखं पिवळं झालं. मग तांबूस. धुळीची आंधी कशी असते हे दिल्लीत राहिलेल्यांना सांगायला नको. गल्लीतली शटरं धडाधड खाली आली, फलक उडाले, दिवसाढवळ्या काळोख झाला. मी कार्यशाळेत बसून मास्टरजींचा नंबर फिरवत होते आणि तो लागत नव्हता. संध्याकाळी लागला नाही, रात्री लागला नाही. काचेच्या बाबतीत मी निर्धास्त होते, ती वाऱ्याला पुरून उरली असती. मला दिसत होत्या त्या तीन पट्ट्या.

सकाळी नईमभाई त्यांची व्हॅन घेऊन आले. मी काही म्हणायच्या आधीच म्हणाले, "बैठिए."

रस्त्यात झाडं आडवी पडलेली, विजेचे खांब वाकलेले. गुडगाव मागे पडल्यावर एका वळणावर तर आख्खा होर्डिंगचा सांगाडा शेतात झोपला होता. गावात शिरलो तर जिकडेतिकडे पत्रे. कुणाचे गोठ्याचे, कुणाचे घरावरचे. चर्चच्या अंगणातल्या कडुनिंबाची मोठी फांदी कुंपणाच्या भिंतीवर कोसळली होती.

आणि चर्चचं दार सताड उघडं होतं.

मी धावतच आत गेले. आत गाव होतं. बाया, पोरं, गाठोडी, एका कोपऱ्यात बांधलेली बकरी. ख्रिस्ती घरंच नव्हेत, शेजारच्या आळीतलीही माणसं होती. कुणी चहा करत होतं. तिन्ही खिडक्यांतून सकाळचं ऊन आत आलं होतं आणि जमिनीवर झोपलेल्या एका बाईच्या पायांवर निळं, पोराच्या पाठीवर लाल असं पडलं होतं. मास्टरजी विस्कटलेल्या केसांनी पुढे आले. इस्त्री नसलेल्या शर्टात मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते.

"मैडम जी, मैंने मना किया था," ते जवळजवळ माफी मागत म्हणाले. "छतें उड़ रही थीं. लोग भागकर यहीं आए. मैं ताला लिए खड़ा था, बुआ ने चाबी छीन ली."

बुआ पहिल्या बाकावर बसल्या होत्या, बरोबर डाव्या खिडकीखाली.

टेकूशेजारी शिडी होती, ती कमानीला लावली आणि चढले. नईमभाईंनी खाली शिडी घट्ट धरून ठेवली. वर गेले. पहिली पट्टी धुळीनं माखली होती. पदरानं पुसली. शाबूत. दुसरी पुसली. शाबूत. तिसरी छपराच्या अगदी जवळ होती, तिथपर्यंत हात पोचेना. टाचा उंचावल्या, बोट फिरवलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. कुठेही खाच नाही, कुठेही टोचलं नाही. पुन्हा एकदा फिरवलं. या धंद्यात मी उंची काचा हाताळल्या आहेत, लोकांनी फोटो काढावेत अशा. पण त्या बोटभर रुंदीच्या साध्या खिडकीच्या काचेवर हात ठेवून मी जितका वेळ उभी राहिले तितकी दुसऱ्या कुठल्याही काचेपाशी राहिलेली नाही.

खाली सगळे वर माना करून बघत होते. नईमभाईंनी विचारलं, "मैडम, क्या हुआ?"

"साबुत है," मी म्हटलं. "तीनों साबुत हैं. दीवार हिली नहीं."

मास्टरजींनी छातीवर हात ठेवला. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच. बकरी घाबरून ओरडली.

मार्था बुआंनी मात्र बसल्या जागेवरून नुसता हात हलवला. "हम पचास जने कल से इसके नीचे बैठे हैं," त्या म्हणाल्या, "और यह छोरी आज ऊपर चढ़के हमें बता रही है. उतर आ, चाय पी."